फर्स्ट लेडी बाहुल्यांचा सेट मिळालाय, ठेवू की विकू? सल्ला हवा

जाई_जर्सीकर
नमस्कार मंडळी, शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला गेल्या आणि जाताना बाहुल्यांचे सहा बॉक्स माझ्या गळ्यात घालून गेल्या. १४ इंची बाहुल्या, जमिनीला टेकणारे गाऊन, आतून मादाम अलेक्झांडर नावाच्या बाहुल्यांच्या कंपनीचं लेबल शिवलेलं. मार्था वॉशिंग्टन, अबिगेल अ‍ॅडम्स, डॉली मॅडिसन, एलिझाबेथ मन्रो, लुईसा अ‍ॅडम्स एवढ्या ओळखल्या, पण सहावी मार्था रँडॉल्फ कोण?? रँडॉल्फ नावाचा प्रेसिडेंट तर कधी ऐकला नाही. लेकीला शोकेसमध्ये लावायच्यात, नवरा म्हणतो अँटिक आहे, विकून टाक, बक्कळ पैसे येतील. आणि सुट्टीत वॉशिंग्टनला जाणारोत, तिथे या विषयाचं काही बघण्यासारखं असेल तर तेही सांगा प्लीज.

चिंधी_बाहुली
अगं जाई, हा तर त्यांच्या फर्स्ट लेडी मालिकेतला पहिला सेट! ती मार्था रँडॉल्फ म्हणजे प्रेसिडेंट जेफरसनची थोरली मुलगी. त्याची बायको १७८२ मध्येच गेली, तो प्रेसिडेंट झाला १८०१ मध्ये, मग व्हाइट हाऊसमध्ये यजमानीण म्हणून अधूनमधून लेक उभी राहायची, म्हणून मालिकेत तिची वर्णी. पुढच्या सेट्समध्ये तर अशा खूप आहेत, बुकॅनन अविवाहित म्हणून त्याची भाची हॅरिएट लेन, आर्थर विधुर म्हणून त्याची बहीण मेरी मॅकेलरॉय, आणि अँड्र्यू जॅक्सनची बायको तो शपथ घ्यायच्या आधीच वारली म्हणून तिथे सून सारा. मला तर ह्याच जास्त आवडतात, शाळेच्या पुस्तकात कोण विचारतंय यांना.

मालिका सुरू झाली १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली त्या निमित्ताने. मादाम म्हणजे बिअ‍ॅट्रिस अलेक्झांडर, न्यूयॉर्कची, वडलांचं बाहुल्या दुरुस्तीचं दुकान, त्यातच वाढलेली, कंपनी काढली १९२३ मध्ये. एका सेटमध्ये सहा असे सहा सेट आले, एकूण ३६, शेवटची जॅकी केनेडी. १९९० मध्ये मालिकाही संपली आणि त्याच वर्षी मादामही गेली.

आता एक गंमत कर, सगळ्यांना ओळीत उभं करून फक्त चेहरे बघ. तोंडवळा ठरलेल्या एकदोन साच्यांतलाच, फरक सगळा केसांत आणि कपड्यांत. काही लोक याला नावं ठेवतात पण मला ते पटत नाही, कारण फर्स्ट लेडीजचे खरे गाऊन ठेवलेल्या म्युझियममध्येही तेच केलेलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये १९१४ साली पहिल्यांदा हे गाऊन मांडले तेव्हा सगळ्या पुतळ्यांना एकच चेहरा दिला होता, कॉर्डेलियाच्या (शेक्सपिअरच्या किंग लिअरमधली धाकटी लेक) एका शिल्पावरून घेतलेला, केशरचना तेवढी ज्याची त्याची. म्हणजे बाई कोणीही असो, बघायचा गाऊन, ही रीत बाहुल्यांच्या आधीचीच!

दादरचा_दादा
@जाई, वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनचंच नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरी, तिकीट नाही, फर्स्ट लेडीज विभाग चुकवू नका. प्रेसिडेंट टाफ्टची बायको हेलन हिने १९१२ मध्ये आपला शपथविधीनंतरच्या बॉलचा, म्हणजे नाचाच्या समारंभाचा, गाऊन दिला आणि तिथून पायंडा पडला. गोळा करायची खटपट दोन बायकांची, कॅसी जेम्स आणि रोझ होज, ही रोझ प्रेसिडेंट मन्रोची पणती. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलाय, कापड जपायला, त्यामुळे फोटो यथातथाच येतात. मेरी लिंकनचा जांभळा मखमली ड्रेस मांडलेला असला तर तिथे जरा थांबा, तो एलिझाबेथ केक्लीने शिवला असं मानतात. गुलामगिरीत जन्मलेली शिंपीण, १२०० डॉलर भरून तिने स्वतःला आणि मुलाला सोडवलं आणि पुढे व्हाइट हाऊसमध्ये कपडे शिवायला लागली. बाहुली तिची पण हवी होती राव.

जाई_जर्सीकर
बापरे, एवढं सगळं! लेकीला वाचून दाखवलं, ती आता हॅरिएट लेन हवी म्हणून मागे लागलीय 😅 पण विकण्याचं काय? नवरा दर तासाला विचारतोय.

चिंधी_बाहुली
त्यांना म्हणावं थंड घ्या. पहिला सेट तीन वर्षं विकला जात होता आणि बऱ्याच लोकांनी घेतल्या घेतल्याच जपून ठेवला, त्यामुळे दुर्मिळ वगैरे काही नाही. ईबेवर लोक मागतात ते आकडे बघू नका, सोल्डचा फिल्टर लावा आणि प्रत्यक्षात कितीला गेलंय ते बघा, उतरतील ढगातून खाली. माझं मत विचारशील तर ठेव.

पण नीट ठेव हं. अ‍ॅटिकमध्ये उकाडा, बेसमेंटमध्ये ओल, दोन्ही नको. खिडकीसमोर तर नकोच, आधी रेशमाचा रंग उडतो मग गालांचा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नकोस, बाहुलीचं व्हिनाइल (मऊ प्लास्टिक) चिकट होतं, धुतलेल्या मांजरपाटात नाहीतर अ‍ॅसिड-फ्री टिश्यूत गुंडाळ. आणि आपली सवय म्हणून डांबराच्या गोळ्या टाकशील तर खबरदार, प्लास्टिकला लागतात त्या. गाऊन धुवायचा नाही, मऊ ब्रशने धूळ झटकायची बस. बॉक्स आणि मनगटाचे टॅग असतील तर फेकू नकोस, उद्या विकायची वेळ आलीच तर भाव त्यावर ठरतो.

दादरचा_दादा
शोकेसमध्ये लावणार असाल तर आत बल्ब नको, गरम होतं. आणि स्टँड कंबरेला धरणारा घ्या, पण तार गाऊनच्या वरून नाही, आतून घाला, नाहीतर कापडावर कायमचा वळ उठतो.