तालुका कार्यवाह व्हा म्हणतायत. होऊ का?

खडूची_धूळ:
अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शिक्षण सेवकाची, म्हणजे ठरावीक मानधनावरची, तीन वर्षं संपवून नुकताच नियमित वेतनश्रेणीत आलोय. आमच्या शिक्षक संघटनेचे तालुका कार्यवाह निवृत्त होतायत आणि त्यांनी मला गळ घातलीय. घरी म्हणतात, संस्थाचालकांच्या डोळ्यावर येशील. मला भाषण जमत नाही, घोषणा देताना तर लाजच वाटते. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय त्यांनी सांगा, नेमकं काय करावं लागतं?

मागचा_बाक:
वर्गणीच्या पावत्या फाडायच्या आणि सहा वर्षांनी कुणाला तरी विधान परिषदेत पाठवायचं, झालं. ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या. त्यातही मत माध्यमिक आणि त्यावरच्यांनाच. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे, मला मतच नाही. वर्ग सांभाळा, सुखी राहाल.

गणिताच्या_बाई:
मागच्या बाकाशी भांडत नाही, त्यांचं निम्मं खरं आहे. मी ३१ वर्षं गणित शिकवलं, त्यातली १९ वर्षं संघटनेत होते. भाषण एकदाच केलं. मधेच माइक बंद पडला आणि सगळ्यांची सुटका झाली.

माझी सुरुवात एका राजीनाम्यापासून झाली. आमच्या एका सहकाऱ्याला संस्थेच्या सचिवांनी ऑफिसात बसवून राजीनामा लिहून घेतला. आम्ही बाकीचे तेव्हा शेजारच्या खोलीत चहा पीत होतो. तीन आठवडे कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मग एस.टी. स्टँडवर संघटनेचे एक जुने कार्यकर्ते भेटले. त्यांनी पिशवीतून खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा काढला, पानांचे कोपरे दुमडलेले. म्हणाले, कलम ७ वाचा. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला, दुसरी स्वतःकडे. ऑफिसात दार लावून घेतलेला कागद यात कुठे बसतो? मग कलम ९ दाखवलं: शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, मुदत ३० दिवस. त्या दिवशी २६वा दिवस होता. दोन वर्षं आठ महिन्यांनी आमचा माणूस परत मस्टरवर सही करायला आला.

पुढे एक जण माझ्याकडे ४१व्या दिवशी आला. सचिव त्याला म्हणाले होते, थांबा, बैठकीत विषय घेतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण तोंडी आश्वासनाचा कागद कुठून आणायचा? त्याची नोकरी गेली ती गेलीच. मला भाषण आलं असतं तरी त्याचा उपयोग झाला नसता. त्याला अकरा दिवस आधी कॅलेंडर दाखवणारं कुणीतरी हवं होतं.

म्हणून विचारताय तर सांगते, हे काम कागदाचं आहे. नेमणुकीला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता अडली, संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून पदं ठरवताना, पद गेलं, कुणी अतिरिक्त ठरलं आणि दुसऱ्या शाळेतलं समायोजन लटकलं, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव नाही म्हणून पगार नाही. प्रत्येक वेळी शिक्षणाधिकारी कार्यालय किंवा पगाराची बिलं बघणाऱ्या वेतन पथकात जायचं, अर्ज द्यायचा आणि आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. क्लार्क म्हणेल, बाई, विश्वास नाही का? हसायचं आणि उभं राहायचं.

आता चौकशी समिती. त्याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे शिक्षकाच्या चौकशीला तीन जण बसतात: एक व्यवस्थापनाचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला, आणि एक ज्याची चौकशी आहे त्याने स्वतः निवडलेला. ती तिसरी खुर्ची मी ११ वेळा उबवली. बहुतेक वेळा निकाल दोन विरुद्ध एक, आणि ती एक मी. भिन्नमत सविस्तर लिहायचं, कारण पुढे न्यायाधिकरणात ते वाचलं जातं.

एकदा मात्र उलटं झालं. आपल्याच सभासदाने सातवीतल्या मुलाच्या कानाखाली मारली होती आणि कानाचा पडदा फाटला होता. त्याने मला निवडलं ते मी वाचवीन म्हणून. मुलाची आई बाहेर बाकावर बसली होती. मी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला आणि बाकी दोघांबरोबर सही केली. संघटनेतल्या काही जणांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. अशी वेळ तुमच्यावर येईल असं नाही, पण आली तर काय करायचं ते पद घेण्याआधी ठरवून ठेवा.

घरचे म्हणतात ते, म्हणजे संस्थाचालकांच्या डोळ्यावर येणं, होतंच. मला सलग सहा वर्षं शेवटचे तास मिळाले. त्याचं काही वाटलं नाही. लागलं ते दुसरंच. एकदा दहावी ब मध्ये शिरले तर फळ्याच्या कोपऱ्यात ताळ्याच्या खुणा होत्या. कसल्या म्हणून विचारलं, तर माझ्या गैरहजेरीच्या. सांख्यिकी मीच शिकवली होती त्यांना! १४ झाल्या होत्या. त्या दिवसापासून कार्यालयाची कामं शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावरच. आता शनिवारी कार्यालयं बंद, तेव्हा तुम्हाला दुसरी वेळ शोधावी लागेल.

खडूची_धूळ:
बाई, धन्यवाद. फळ्याचं वाचून जरा गप्पच झालो. एक विचारू? आमच्या शाळेत अर्जाची पोच कुणीच देत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, घरचीच माणसं आपण, पोच कसली.

मागचा_बाक:
आमच्याकडेही हेच. घरची माणसं फक्त पोच मागितल्यावर आठवतात.

गणिताच्या_बाई:
मग अर्ज पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह, आणि पावती जपून ठेवा. पहिल्या वेळी राग येईल, तिसऱ्या वेळी स्वतःहून शिक्का मारतील. आणि एक, दुसऱ्यांची कामं घेण्याआधी स्वतःचं बघा. दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या नोंदींची आपल्याजवळ ठेवायची प्रत, तुमच्याकडे आहे का? शेवटची नोंद कोणत्या वर्षाची आहे?

खडूची_धूळ:
नाही… मागितलंच नाही कधी. सोमवारी लेखी अर्ज देतो.

गणिताच्या_बाई:
दोन प्रतींत.