एकटीने आठ रात्री गाडीत राहून पाहायचे आहे : सांगलीहून निघताना काय शिकून यावे?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. पस्तीस वर्षे परिचारिकेची नोकरी करून मी गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत ओहायोला भाचीकडे गेले होते, तेव्हा तिच्या सासू-सासऱ्यांच्या आरव्हीत, म्हणजे ज्याला आपण चाकांवरचे घर म्हणू अशा गाडीत, चार दिवस राहण्याचा योग आला. गाड्या लावण्याच्या तळावर प्रत्येक जागेपाशी एक खांब होता. त्यावर ३० आणि ५० अँपिअरचे विजेचे सॉकेट होते, शेजारी पाण्याचा नळ होता आणि सांडपाण्याच्या नळीसाठी जमिनीत झाकणाचे भोक होते. सासरेबुवांनी दहा मिनिटांत तिन्ही जोडण्या केल्या आणि ते खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. ती खुर्ची अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

आता दिवाळीनंतर आठ रात्रींचा एकटीचा प्रवास करण्याचा विचार आहे. स्थळे पाहणे हा त्याचा हेतू नाही, कारण सज्जनगड, कास आणि महाबळेश्वर माझे अनेकदा पाहून झाले आहे. अशा रीतीने राहणे मला झेपेल का, हे कळल्याशिवाय निवृत्तीच्या पैशांना हात लावायचा नाही, एवढाच उद्देश आहे. माझ्याकडे सात वर्षांची साधी पाच आसनी व्हॅन आहे आणि ती मी स्वतः चालवते. मागचा बाक काढून तिथे फळीचा पलंग करावा, असे मनात आहे. मार्ग कोणता धरावा, रात्री कुठे थांबावे, वीज आणि पाणी किती लागते आणि बाक काढलेला चालतो का, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे. ‘एकटीने जाऊ नका’ एवढाच सल्ला कृपया देऊ नये. तो घरातून पुरेसा मिळालेला आहे.

माणदेशी_चाक (दहिवडी, जि. सातारा)

ताई, मी सहा वर्षे अशी फिरते आहे, त्यांपैकी बहुतेक वेळा एकटीच. आपल्याकडे तो खांब नाही, हे एकदा मान्य केले की पुष्कळ गोष्टी सरळ होतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात कॅरॅव्हॅन पार्कची, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांसाठीच्या तळांची, कल्पनाही मांडलेली आहे. परंतु आपल्या भागात रोज संध्याकाळी तुम्हाला जी गोष्ट मिळवावी लागेल ती म्हणजे कोणाची तरी परवानगी. ती मागायला शिकणे हाच या प्रवासातला निम्मा अभ्यास आहे, आणि तो अंधार पडण्याआधी करायचा असतो. साडेचारला जागा शोधायला लागावे आणि साडेपाचला गाडी उभी असावी, हा माझा नियम आहे.

पहिली रात्र स्वतःच्या अंगणात काढा आणि सकाळी सातपर्यंत काही झाले तरी घरात पाऊल टाकू नका. काय विसरले, काय हाताशी नाही आणि कोणती वस्तू फळीखाली अडकली, हे त्या एका रात्रीत जेवढे कळते तेवढे व्हिडिओ पाहून कळत नाही. त्यानंतर तासगाव, विटा, मायणीवरून दहिवडीकडे या. हा रस्ता मोकळा आहे. गोंदवल्याला महाराजांच्या समाधी मंदिरात भक्तांच्या निवासाची आणि प्रसादाची व्यवस्था असते. तेथील कार्यालयात आधी विचारून, त्यांचे नियम पाळून थांबावे. पुढे मोगराळे घाटाने फलटण आणि लोणंदवरून वाई. वाईच्या पश्चिमेला धोम धरणाच्या बाजूला कृषी पर्यटन केंद्रे आहेत. खोलीऐवजी अंगणात गाडी उभी करण्याची जागा, स्नानगृह आणि रात्रीचे जेवण एवढेच मागितले तर बहुतेक मालक वाजवी पैशांत कबूल होतात.

मोठे घाट पाचव्या दिवसानंतर ठेवा, कारण तोपर्यंत गाडीतले सामान जागच्या जागी बसलेले असते. पसरणी घाट चढून पाचगणीला एक रात्र मुद्दाम काढा. ते गाव सुमारे तेराशे मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथे गारठा असतो. थंडी वाजते म्हणून आपण सगळ्या काचा लावून घेतो आणि पहाटे छताच्या पत्र्यावर जमलेल्या श्वासाच्या वाफेचे थेंब टपटप कपाळावर पडू लागतात. माझी दुलई अशी दोनदा भिजली आहे. समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटे उघड्या ठेवाव्यात, त्यांवर मच्छरदाणीचे कापड लावावे आणि अंगावर एक पांघरूण जास्त घ्यावे. नंतर महाबळेश्वरवरून केळघर घाटाने मेढा, सातारा, कराड आणि शेवटची रात्र औदुंबरला काढावी. तिथून सांगली जवळच आहे, म्हणून कंटाळा आलाच तर घर गाठता येते.

तुम्ही दिवाळीनंतर निघणार, म्हणजे उसाचा गळीत हंगाम सुरू झालेला असेल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याशिवाय चालतात आणि उतरलेल्या उसाच्या मोळ्या वळणावर पडलेल्या असतात. दिवस मावळल्यावर गाडी चालवू नये, याचे मला माहीत असलेले सर्वांत मोठे कारण हेच आहे. चोराचिलटाची भीती त्याच्या खूप मागे येते.

भीतीचाच विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगते. पहिल्याच वर्षी मी खटाव तालुक्यात एका शेताच्या बांधावर, मालकाला न विचारता, थांबले होते. रात्री दोन वाजता काचेवर विजेरीचा झोत पडला आणि कोणीतरी पत्र्यावर थाप मारली. माझे हातपाय गार पडले. बाहेर एक म्हातारे शेतकरी उभे होते. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची होती आणि मी गाडी नेमकी स्टार्टरच्या पेटीला लावून उभी केली होती. त्यांना मोटार चालू करायची होती, एवढेच. मी गाडी चार हात पुढे घेतली. सकाळी त्यांच्या घरून चहा आला आणि ‘आधी सांगितलं असतंत तर वस्तीवरच झोपवलं असतं’ असे शब्दही आले. तेव्हापासून मी बांधावर, कालव्याच्या रस्त्यावर किंवा वनखात्याच्या हद्दीत थांबत नाही.

कराडचा_वायरमन

वरील मार्ग चांगला आहे. मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, म्हणून तेवढ्यापुरते आणि थोडे कायद्याचे लिहितो.

विजेचा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर करावा. २५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर २०० वॅट-तास, ५ वॅटचा दिवा चार तास लागला तर २०, आणि मोबाइलचे १५ धरले तरी रोजचा खर्च अडीचशेच्या आत राहतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,२०० वॅट-तासांची असते. ती साध्या शिशाच्या जातीची असेल तर टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे हातात ६०० उरतात. दोन रात्री सहज निघाल्या. यात लहान फ्रिज घातला की तो एकटा रोजचे चारशे-पाचशे खातो आणि सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून पहिल्या प्रवासात फ्रिज नकोच. इंडक्शन शेगडीचा मोह तर अजिबात धरू नये. १,८०० वॅटची शेगडी १२ व्होल्टवर चालवायची म्हणजे बॅटरीतून दीडशे अँपिअर ओढायचे, आणि एवढ्या प्रवाहाची केबल हाताच्या अंगठ्याएवढी जाड लागते. पाणी घालायची बॅटरी झोपायच्या जागेत ठेवू नये, कारण ती चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असला पाहिजे. हे मी अनुभवाने सांगतो. माझी स्वतःची पहिली गाडी मी एका कारखान्यातून बांधून घेतली होती, कारण त्या वेळी मला घाई होती. त्यांनी केबल पत्र्याच्या भोकातून रबरी बूच न लावता ओवली होती आणि फ्यूज थेट मागे, पंख्याजवळ बसवला होता. उंब्रजच्या अलीकडे जळक्या प्लास्टिकचा वास आला. गाडी बाजूला घेऊन फळी उचलली, तर केबलचे आवरण पत्र्याच्या कडेने कापून तांबे उघडे पडलेले होते आणि भोवतालची काथ्याची गादी धुमसत होती. पाना घेऊन बॅटरीचे टोक सोडवेपर्यंत माझ्या बोटांना फोड आले. दुसऱ्याचे काम तपासताना मी आजही पहिल्यांदा ते भोकच पाहतो.

स्वयंपाकासाठी लहान सिलिंडर घ्या, तो गाडीबाहेर उतरवून वापरा आणि घरगुती १४.२ किलोचा बरोबर नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर वायू वर न जाता तळाशी, म्हणजे नेमका झोपणाऱ्याच्या उशाशी साचतो. पाचगणीला थंडी वाजली म्हणून शेगडी किंवा कोळशाची सिगडी आत घेणे प्राणावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे परिचारिकेला मी सांगायला नको.

आता बाकाविषयी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. आसनसंख्या हा नोंदणीतला तपशील आहे. परवानगीशिवाय बाक काढला आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला कारण सापडते. पुढे खरोखर गाडी बांधायची झाली, तर मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. परिवहन कार्यालयात आधी विचारून, मग पत्रा कापायचा, हाच क्रम ठेवा. सध्या बाक तसाच राहू द्या आणि त्याच्या पाठीच्या उंचीवर सुटी फळी टाका. छप्पर नाकापासून दीड वीत राहील आणि उठून बसता येणार नाही, परंतु आठ रात्री झोपता येईल. भाड्याची गाडी घेण्याचा विचार झालाच, तर स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी भाड्याने देऊ लागला तर घेऊ नका.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. फळी, पाणी आणि सामान मिळून गाडीत दोन माणसांचे वजन वाढलेले असते. ब्रेकवर पाय ठेवून केळघर उतरलात तर खाली पोहोचेपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतील.

मिरजेचा_पेन्शनर

कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. मी आणि सौभाग्यवती गेल्या वर्षी अशाच हौसेने निघालो होतो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. कारण वीज नव्हे, पाणी नव्हे. कारण मध्यरात्रीचे शौचालय. साठीनंतर माणसाला रात्री दोनदा उठावे लागते, आणि कुलूपबंद ढाब्याच्या अंगणात, कुत्री अंगावर येत असताना, ते किती अवघड असते हे चित्रफितींत दाखवत नाहीत. आपण त्याची सोय काय करणार आहात, हे आधी ठरवावे. बाकी सर्व शोभेचे आहे.

माणदेशी_चाक

काका अगदी खरे बोलले, आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. माझ्याकडे झाकणाचे सुटे कमोड आहे. लघवी वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि शौचासाठी बादलीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अशी विभागणी केली की वास येत नाही, कारण दोन्ही एकत्र झाले की दुर्गंधी सुरू होते. डबा सकाळी पेट्रोल पंपाच्या किंवा मंदिराच्या शौचालयात, विचारूनच, रिकामा करायचा आणि धुवायचा. ओढ्यात किंवा कालव्यात कधीही नाही. त्याच पाण्यावर खालची गावे जगतात. भांड्यांचे पाणीसुद्धा मी बादलीत धरून झाडाच्या आळ्यात ओतते.

पाण्याचे एकटीचे माप म्हणजे पिणे, स्वयंपाक, भांडी आणि हात-तोंड मिळून दिवसाला पंधरा लिटर. अंघोळ मुक्कामाच्या ठिकाणी. वीस लिटरचे दोन कॅन पुरतात; त्यांचे चाळीस किलो वजन मागच्या टोकाला न ठेवता चाकांच्या मधोमध ठेवावे.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. पेन्शनरकाका, तुमच्या उत्तराने माझा सगळ्यांत मोठा प्रश्न सुटला. वॉर्डात आयुष्य गेल्यामुळे कमोडच्या खुर्चीचा मला संकोच नाही. फक्त ती स्वतःसाठी लागेल हे सुचले नव्हते.

बाक काढला नाही. ओळखीच्या सुताराकडून सुटी फळी करून घेतली आणि काल रात्री अंगणात झोपले. टिपून ठेवलेले असे : पाणी अकरा लिटर लागले. विजेरी फळीखालच्या पिशवीत राहिली होती आणि ती काढण्यासाठी रात्री तीन वाजता आधी फळीवरून उतरावे लागले. डोके उताराकडे होते, हे पहाटे चेहरा जड झाल्यावर कळले. आता ताटलीत पाणी ओतून ते कोणत्या बाजूला जाते हे पाहूनच अंथरूण घालणार आहे. काचा दोन बोटे उघड्या होत्या, त्यामुळे छत कोरडे राहिले. साडेपाचला शेजारच्या वहिनींनी काच वाजवली, कारण मुलाने मला घराबाहेर काढले की काय अशी त्यांना शंका आली होती.

परवा सकाळी तासगावच्या रस्त्याने निघते. गोंदवल्याच्या कार्यालयात दूरध्वनीवर विचारून ठेवले आहे. वाईजवळच्या एका केंद्राने होकार दिला आहे. पाचगणीची रात्र अजून ठरलेली नाही. तिथे अंगण देणारे कोणी माहीत असल्यास कळवावे.