मदत हवी आहे: रविवारच्या डोहाळजेवणाला 'नाही' कसं सांगू?

निशिगंध: रविवारी धाकट्या जावेचं डोहाळजेवण आहे, सिंहगड रोडला. सासूबाई म्हणतात, "ये, मन रमेल." माझा नुकताच गर्भपात झालाय, मला जमणार नाही. घरात वाईटपणा न येता कसं सांगू? नवरा "तू ठरव" म्हणून मोकळा. लवकर सांगा.

रानजाई: किती दिवस झाले? कितवा महिना होता?

कोथरूडची काकू: जाऊन ये गं. माझं गेलं तेव्हा मी चौथ्या दिवशी ओट्याशी उभी होते. बसून राहिलं की जास्त कुढायला होतं. आणि पुढच्या वेळी पपई आणि दुचाकी बंद!

रानजाई: काकू, तिला दोष नका देऊ. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्मे तरी गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषाने होतात. पपईचा काय संबंध?

हिंजवडीकर: आम्हाला डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं होतं. फॉलिक ॲसिड चालू ठेवा.

निशिगंध: पुढच्याचं मी विचारलेलंच नाही. वीस दिवस झालेत. एकोणिसावा आठवडा होता. तिसऱ्या दिवशी दूध आलं, अजून थोडं येतं. आठ दिवसांची रजा संपवून ऑफिसला जातेय. आणि रविवारचं ते मंगल कार्यालय दोघींचं डोहाळजेवण मिळून करायचं म्हणून धरलं होतं.

रानजाई: अगं, हे आधी सांगायचं ना! दूध पिळून काढू नकोस, आणखी येतं. गार पट्ट्या ठेव, घट्टसर ब्रा घाल. बंद करायची गोळी असते, डॉक्टरांना विचार. गाठ, लाली, ताप असेल तर आजच दाखव.

कोथरूडची काकू: मग नको जाऊस. पण आदल्या दिवशी साडी देऊन ये, सासूचा मान राहील.

रानजाई: साडी नवऱ्याच्या हाती पाठवा. आईशी त्याने बोलायचं, तिने नाही.

पेठेतली: रजेचं बघ. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद आहे, डॉक्टरांचा दाखला जोडून एचआरला मेल कर. रात्री फार जड गेलं तर टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी बोलले आहे.

हिंजवडीकर: ही रजा नवऱ्याला मिळते का?

निशिगंध: जावेलाच फोन केला. "ताई, मला तुम्हाला बोलवायचंही होतं आणि भीतीही वाटत होती," म्हणाली. दोघी रडलो. सासूबाईंशी नवरा आज रात्री बोलणार आहे. दाखल्यावर नेमकं काय लिहून घ्यायचं?