मदत हवी आहे: कात मण्यारची की कवड्याची?

नमस्कार मंडळी. आमच्या कोठीच्या खोलीत गोणपाटामागे सापाची कात मिळाली. हातभर लांब, पण शेपटीचा भाग फाटून गेलाय. आई-बाबा शेजारच्याच खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात, म्हणून जीवाला घोर लागलाय. कवड्या दिसायला मण्यारसारखाच, पण बिनविषारी; मण्यार मात्र जहाल विषारी, ती रात्रीच फिरते आणि झोपेत चावली तर पुष्कळदा कळतही नाही.

जिवंत सापातला फरक मला माहीत आहे: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारचे जोडीजोडीने असून शेपटीकडे ठळक होतात. कातीवर मात्र रंग जवळजवळ दिसतच नाही. शेपटीखालचे खवले मण्यारचे अखंड, कवड्याचे दुभागलेले. पण नेमका तोच भाग नाही.

उरली पाठ. मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. भिंगाखाली मधली ओळ किंचित रुंद वाटते, पण कात ताणली गेल्यामुळे तसं दिसत असेल का? पिल्लाच्या कातीतही ही ओळ स्पष्ट दिसते का? डोक्याचा भाग शाबूत आहे, त्यावरून काही ठरवता येईल का? जवळून काढलेले फोटो जोडलेत. जाणकार सर्पमित्रांनी कृपया बघावं. तोवर दोघांना खाटेवर मच्छरदाणी लावून झोपवतोय.