घरबसल्या काम आणि कॉलेजची डिग्री, दोन्ही कसं जमवताय? गोव्यातले अनुभव लिहा

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरात हा विषय निघतोच, यंदा मावसबहिणीचा नंबर. तिला एका कंपनीचं चॅट सपोर्टचं काम मिळालंय, घरून करायचं, पैसे बरे आहेत. आता मामा म्हणतो आधी डिग्री, बाकी सगळं मागनं बघू, आणि मावशी म्हणते हातात आलेलं काम कोण सोडतं गो आजकाल. दोघांचंही खरं आहे. म्हणून म्हटलं आपल्याकडच्या ज्यांनी हे केलंय किंवा करतायत त्यांनाच विचारूया. कुठल्या वेळेचं काम घेतलं, कॉलेज रेग्युलर की इग्नूचं दूरशिक्षण, घरच्यांनी काय म्हटलं, नेटचं काय केलं, सगळं सविस्तर लिहा, नुसतं "मॅनेज होतं" लिहू नका प्लीज.

माझ्यापासून सुरू करते. म्हापशाची आहे, बीकॉम रेग्युलर केलं आणि दुसऱ्या वर्षापासून इंग्लंडच्या एका कंपनीचे ईमेल सांभाळायचं काम. माझं ठाम मत झालंय की "फ्लेक्सिबल" असं कोणी म्हटलं तरी आपण तास बांधून घ्यायचे, आणि ते सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, लेखी. कारण फ्लेक्सिबल म्हणजे कधीही चालेल असं आपल्याला वाटतं आणि समोरच्याला वाटतं ही कधीही मिळेल. मग लायब्ररीत बसलं तरी फोन वाजतो, लग्नात गेलं तरी वाजतो, आणि अभ्यासाला म्हणून जो वेळ उरेल असं धरलेलं असतं तो उरतच नाही.

इंग्लंडच्या कामाचा एक मोठा फायदा सांगते, जो आधी कोणी सांगत नाही. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे जातं. माझी लेक्चरं साडेबाराला सुटायची, घरी येऊन शीत-कडी जेवून बरोब्बर लॉगिन, संध्याकाळी सहाला बंद. रात्र अख्खी माझी. अमेरिकेचं काम घेतलं असतं तर हे जमलं नसतं असं मला अजून वाटतं.

पेडणे, बीसीए शेवटचं वर्ष

मी व्हिडिओंना कॅप्शन घालायचं काम करतो, तासावर नाही, मिनिटावर पैसे. वेळेचं टेन्शन नाही, डेडलाइनचं आहे. पण आमच्या भागात खरा प्रश्न करंटचा. जूनला पाऊस सुरू झाला की कुठेतरी माड पडतो, वायर तुटते, करंट गेला तो संध्याकाळपर्यंत. पहिला पावसाळा नुसता हॉटस्पॉटवर काढला, आमच्या वाड्यावर एकाच कोपऱ्यात रेंज आणि तो कोपरा नेमका तुळशीकडे, बाहेर, पावसात. मग इलेक्ट्रिशियन मामाने सुचवलं की अख्ख्या घराला इन्व्हर्टर नंतर बघ, आधी राउटरला मिनी यूपीएस लाव. बारा व्होल्टचा छोटा डबा येतो, राउटरची पिन काढून त्याच्यात घालायची आणि त्याची पिन राउटरला, झालं. फायबरची लाइन चालू असेल तर करंट जाऊन दोन-तीन तास नेट चालतं, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर. जो कोणी गावात राहून काम घेणार असेल त्याने पहिल्या पगारातून हे घ्यावं, मोबाईल नंतर. आणि घेताना राउटरच्या खाली लिहिलेले व्होल्ट वाचा, सगळे राउटर बारावर चालत नाहीत, काही नऊवर असतात.

अभ्यासाचं म्हणाल तर माझ्या कामात एक गोष्ट चांगली, परीक्षेच्या महिन्यात मी फाइल्स उचलतच नाही, कोणी विचारत नाही. पैसे पण येत नाहीत अर्थात. त्यामुळे फी कधी भरायची ते बघून आधीच्या महिन्यांत जास्त काम करून ठेवतो.

फोंडा, इग्नू बीए, दोन मुलं

ताई, तुमच्या मावसबहिणीला सांगा इग्नू हा कमी दर्जाचा रस्ता नाही. मी लग्नानंतर दहा वर्षांनी शिकायला घेतलं, सासूबाईंनीच फॉर्म भरायला पैसे दिले. दिवसा एका ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरी बघते, घरून, मुलं शाळेत असतात तेव्हा. इग्नूला जानेवारी आणि जुलै अशी दोनदा ॲडमिशन असते, परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, आणि बीए कमीत कमी तीन वर्षांत, जास्तीत जास्त सहा वर्षांत पुरं करता येतं. ही सहा वर्षं माझ्यासारखीला फार मोठा आधार आहे, मुलगा आजारी होता तेव्हा मी दोन पेपर पुढच्या परीक्षेला ठेवले आणि काही बिघडलं नाही.

पण कोणी असं समजू नये की नुसती परीक्षा द्यायची. असाइनमेंटना 30 टक्के आणि परीक्षेला 70 टक्के, आणि दोन्हीत वेगळं पास व्हावं लागतं. असाइनमेंट हाताने लिहायच्या. दिवसभर कीबोर्डवर बोटं चालवल्यावर रात्री फुलस्केपवर पानंच्या पानं लिहायची म्हणजे मनगट दुखून येतं, मी खरं सांगते. मी आता असं करते की रोज पहाटे मुलांचा डबा व्हायच्या आधी एक प्रश्न, एकच, पण रोज. ऑक्टोबर उजाडल्यावर बसलं तर नवरात्र, दिवाळी सगळं एकावर एक येतं आणि असाइनमेंट राहतात.

चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, पण लिहिते कारण नव्या मुलींना हे कोणी सांगत नाही. बाहेरच्या कंपनीला चवथ म्हणजे काय ते माहीत नसतं, त्यांना एक दिवसाची सुट्टी वाटते. आमच्याकडे माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं बांधतात त्याचं) सामान आणण्यापासून विसर्जनापर्यंत घरातली बाई मोकळी नसते, गणपती पाच दिवसांचा असेल तर बोलायलाच नको. मी जूनमध्येच कॅलेंडरवर तारखा टाकून ईमेल करते, आणि सोबत लिहिते की त्याच्या आधीच्या आठवड्यात मी रोज एक तास जास्त बसेन. कधीच कोणी नाही म्हटलेलं नाही. आदल्या दिवशी मागितली असती तर नाहीच म्हटलं असतं.

सांगे, इग्नू बीकॉम

वरच्या ताईंना दुजोरा. डिस्टन्सची डिग्री चालते का असं सगळे विचारतात, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या संस्थेची डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची. फक्त मान्यता आहे का ते यूजीसीच्या डिस्टन्स विभागाच्या साइटवर बघूनच पैसे भरा, जाहिराती खूप येतात.

सत्तरी, एमए

नेटवर्कवर मी लिहितो. 2020 साली लॉकडाऊनमध्ये आमच्याकडची मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून ऑनलाइन लेक्चर ऐकायची, पेपरात पण आलं होतं. आता बरंच सुधारलंय पण सगळ्या वाड्यांवर नाही. माझं काम मराठी मजकूर तपासायचं, भरवशाचं नेट लागतं, म्हणून मी आठवड्याचे काही दिवस पणजीला येतो आणि पाटोवरच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत बसतो. कदंबा स्टँडवरून चालत जाता येतं. 1832 साली सुरू झालेली लायब्ररी आहे, आता मोठी नवी इमारत, आणि अभ्यासाला येणारी मुलं इतकी असतात की आपल्याला आपोआप बसावंसं वाटतं. कॉल मात्र तिथे घेता येत नाहीत आणि घेऊ पण नये. मी काम असंच निवडलंय की बोलावं लागत नाही. माझं नव्यांना हेच सांगणं, काम निवडताना पगाराआधी हे विचारा की यात कॉल आहेत का. लिहायचं, तपासायचं, हिशेबाचं, डिझाइनचं काम बसमध्ये सुद्धा थोडं पुढे सरकतं. कॉलचं काम एका खोलीत दार लावूनच करावं लागतं, आणि आमच्या गावच्या घरात तशी खोली कोणाकडे आहे?

डिचोली तालुका, कॉलेजात शिकवते

मुलांनो, शिक्षकाच्या बाजूने लिहिते. काम करणारी मुलं वर्गात आम्हाला पटकन ओळखू येतात, पहिल्या लेक्चरला डोळे लाल असतात. आम्हाला राग येत नाही, काळजी वाटते. घरात पैसे लागतात म्हणून करणारी खूप आहेत आणि ती कोणाला सांगत नाहीत. कृपा करून सांगा. 75 टक्के हजेरी लागते, तो नियम आम्ही मोडू शकत नाही, पण आयएसएची (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेची) तारीख एखाद्याची अडचण बघून बदलून देणं, प्रोजेक्टचा विषय त्याच्या कामाशी जुळवून देणं, हे आम्ही करतो. एका मुलीने मला जुलैमध्येच येऊन सांगितलं की मॅडम मी दुकानदारांचे हिशेब टॅलीवर करते, तिचा प्रोजेक्ट आम्ही त्यावरच घेतला आणि तिने वर्गातला सगळ्यात चांगला प्रोजेक्ट केला. दुसरा एक मुलगा, हुशार, मार्चमध्ये हजेरी कमी पडली तेव्हा त्याची आई आली आणि तेव्हा कळलं की तो रात्रपाळी करतो. तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. तो मुलगा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. तुमचं घरून चाललेलं काम त्यात बसवता येतं का हे तुमच्या कॉलेजात विचारा, नेमणुकीचं पत्र आणि कामाचा तपशील घेऊन जा. नाही म्हणतील फार तर.

मडगाव, बीबीए

रात्रपाळीवर मी लिहू शकतो, अमेरिकेचं काम केलंय. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी साडेसात होतात. म्हणजे ऐन सेमिस्टरच्या परीक्षेच्या सुमाराला तुमची शिफ्ट तासभर पुढे सरकून मध्यरात्र ओलांडून साडेतीनपर्यंत जाते आणि सकाळी पेपर. शिवाय टीम लीडर "फक्त दहा मिनिटं" म्हणून थांबवायचा. पैसे इतर कामांपेक्षा जास्त होते हे खरं, पण झोप दोन तुकड्यांत व्हायला लागली, वाचलेलं लक्षात राहीना, जेवणाच्या वेळा गेल्या. आईने शेवटी सांगितलं की पैसे नकोत पण तू नीट झोप. काम सोडलं, आता शनिवार-रविवार एका हॉटेलचं बुकिंग सांभाळतो, घरूनच, पैसे निम्मे. पण बीबीएच्या शेवटच्या वर्षाचे मार्क सुधारले, आणि पुढे एमबीएला तेच बघणार आहेत. ज्याला अमेरिकेचं कामच मिळतंय त्याने निदान पूर्ण शिफ्ट घेऊ नये, चार तासांची मागावी. मागितल्यावर मिळते, माझ्या मित्राला मिळाली.

पर्वरी, छोटा व्यवसाय, विद्यार्थ्यांना काम देतो

माझ्याकडे सोशल मीडियाचं काम कॉलेजची मुलं करतात. वर कोणीतरी लेखी तास ठरवा म्हटलंय ते शंभर टक्के बरोबर, आणि आम्हालाही तेच बरं पडतं. जो मुलगा पहिल्याच दिवशी सांगतो की मंगळवारी आणि गुरुवारी मी दुपारी तीनपर्यंत मिळणार नाही, त्याच्यावर माझा जास्त भरवसा बसतो. जो सगळ्याला हो म्हणतो तो परीक्षेच्या आठवड्यात फोन उचलत नाही, मग माझा क्लायंट अडकतो. परीक्षेचं टाइमटेबल आलं की त्याच दिवशी पाठवा. आम्ही पण कधीतरी शिकलेलो आहोत, समजतं.

वास्को, बीकॉम झालंय, आता सीए करतेय

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. घरून काम करणाऱ्या मुलांना बरेचदा पगार नसतो, प्रोफेशनल फी म्हणून पैसे मिळतात आणि कंपनी त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापते. खूप मुलांना वाटतं ते गेले. गेले नाहीत! पॅन कार्ड दिलेलं असेल तर कापलेली रक्कम इन्कम टॅक्सच्या साइटवर तुमच्या नावावर दिसते, तुमचं वर्षाचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरा, सगळे परत खात्यात येतात. मुदतीत भरा एवढंच. माझ्या परत आलेल्या पैशांतून मी सीएच्या पुस्तकांचा खर्च केला. आणि पॅन नाही दिलं तर कापणी दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के होते, म्हणून काम सुरू करायच्या आधी पॅन काढा, ऑनलाइन होतं.

काणकोण, बारावी सायन्स झाली

मला बीएस्सी करायचंय, केमिस्ट्री. घरून डेटा एंट्रीचं काम पण हवंय. जमेल का? प्रॅक्टिकल खूप असतात म्हणतात.

म्हापसा (धागा काढणारी)

बाय, माझी मैत्रीण बीएस्सी करून काम करायची म्हणून सांगते. प्रॅक्टिकलच्या दिवशी काम धरूच नकोस, लॅब चारला सुटेल म्हणतात आणि पाच वाजतात, वर जर्नल लिहायचं असतं. तू आधी कॉलेजातून लॅबचे दिवस कुठले ते घे, जूनमध्येच विचार, मग डेटा एंट्रीवाल्यांना उरलेले दिवस सांग. पहिलं सेमिस्टर आठवड्याला दहा तासांच्या वर घेऊ नकोस. काणकोणहून रोज मडगावला ये-जा करणार असशील तर बसचे तास पण यात मोज, ते कोणी मोजत नाही. आणि तुझ्या गावात नेट कसं आहे ते इथेच लिही, पेडण्याचा दादा सांगेल कुठला यूपीएस घ्यायचा.