आबांच्या ट्रंकेतले पौंड

नाना: सुप्रभात. आबांच्या ट्रंकेत २० पौंडांच्या ३ आयरिश नोटा निघाल्या, वर डॅनियल ओ'कॉनेल. शिवाय हरणाची १ पौंडाची २ नाणी. आबा ३ म्हणायचे. परवा डब्लिनचं विमान आहे. तिथे चालतील का? माई, तुला माहीत असेल, ट्रंक तुझ्याचकडे होती.

माई: ट्रंक माझ्याकडे होती. किल्ली कोणाकडे होती तेही लिही.

बंड्या: नानामामा 😂 त्यांची नोटबंदी २००२ लाच झाली. ९ फेब्रुवारीनंतर दुकानात फक्त युरो.

नाना: म्हणजे रद्दी?

चिंगी: नाही हो नाना. इथली सेंट्रल बँक अजून बदलून देते, मुदतच नाही. फॉर्म भरायचा, पैसे खात्यात येतात. १ पौंडाला साधारण १.२७ युरो. तुमच्या ६२ चे ७८.७२ होतील.

माई: कोणाच्या खात्यात?

चिंगी: माझ्या चालेल ना आत्या?

माई: चालेल गं. विचारलं आपलं.

भाऊ: नाना, कार्डाच्या मशीनवर रुपये की युरो विचारतं. युरोच दाब. रुपये दाबलेस की भाव त्यांचा.

नाना: बरं. ५० च्या युरो नोटा घेतल्यात. बसला होतील.

चिंगी: बसमध्ये नोटा घेत नाहीत. नुसती नाणी, आणि वरचे सुट्टे परत नाहीत. बसचं लीप कार्ड काढून ठेवते.

बंड्या: आपल्याकडे निदान चॉकलेट तरी देतात.

नाना: बेलफास्टला तर पौंडच आहेत ना? तिथे खपवतो.

चिंगी: ते ब्रिटिश पौंड, हे आयरिश! १९७९ पर्यंत एकास एक होते, आता काही संबंध नाही. आणि नाना, रोखीचं बिल ५ सेंटांच्या पटीत करतात. १२.३२ चे १२.३० होतात, १२.३३ चे १२.३५. मागच्या वेळेसारखे २ सेंटांसाठी काउंटरवर उभे राहू नका 🙏

नाना: हिशोब म्हणजे हिशोब. ७८.७२ चे तीन भाग करायचे, २६.२४ प्रत्येकी.

माई: मला नको. आबांची आठवण म्हणून एक नोट दे, पुरे.

नाना: मग हिशोब परत मांडावा लागेल.

भाऊ: युरोच दाब.

नाना: ऐकलं रे! तिसरं नाणं कुठे गेलं ते सांगा कोणीतरी.

बंड्या: ते होय? आमच्या कॅरमच्या पेटीत आहे. राणी हरवली तेव्हापासून. बरोब्बर तेवढंच आहे.

नाना: आमच्या म्हणजे माईकडच्या ना? आणि किल्ली माझ्याकडे होती म्हणे.

माई: बंड्या, फोन ठेव आणि इकडे ये.

भाऊ: एटीएमवरही विचारतं. युरोच.