१५ हजारात जुना स्टिरिओ रिसीव्हर, तीनपैकी कोणता घेऊ?

रेकॉर्डवेडी:
नमस्कार मंडळी, बाबांच्या एलपी आता माझ्याकडे आल्यात, नाट्यसंगीत आणि शास्त्रीय जास्त, थोडी जुनी हिंदी. टर्नटेबल दिवाळीत घेतला, बेल्ट ड्राइव्ह, मूव्हिंग मॅग्नेट (मॅग्नेटिक) कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग. स्पीकर भावाने दिलेत, बुकशेल्फ, मागे ६ ओहम लिहिलंय. राहिला मधला डबा, आणि तो मला जुना रिसीव्हरच हवाय म्हणजे अ‍ॅम्प आणि रेडिओ एकातच, कारण आमच्याकडे सकाळी विविध भारती लागतेच आणि टेबलावर अजून दोन वस्तू ठेवायला जागा नाही. खोली १० बाय १२. बजेट १५ हजार आणि ते खरंच १५च आहे, थोडंफार ताणता येईल वगैरे नाही.

तीन बघून ठेवलेत. पहिला पायोनियर एसएक्स-४५०, पुण्यातच जुन्या बाजाराजवळ एका दुकानात, अमेरिकेतून आलेला, मागे १२० व्होल्ट, ९ हजार म्हणतो. दुसरा सॅन्सुई, मुंबईत चोरबाजारात, जपानी माल, मागे १०० व्होल्ट, डायलवर आकडे ७६ ते ९०, फोटोत अगदी नवा दिसतो, ११ हजार. तिसरा मरँट्झ २२२०बी, तो निळा डायल बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीये, पण १९ सांगतोय आणि डावा चॅनल मधेमधे जातो, "साफ केलं की येईल" म्हणे. १५ पर्यंत खाली येईल असं वाटतंय. काय करू?

सोल्डरकाका:
ताई, सॅन्सुई आधी यादीतून काढा. सेट चांगलाच असेल, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की डायल ७६ ते ९० आहे. जपानात एफएमचा पट्टा तेवढाच होता त्या काळी, आपल्याकडे ८८ ते १०८. पुण्याची विविध भारती १०१ वर लागते, खाजगी स्टेशनं ९१.१ पासून पुढे, म्हणजे त्या सेटवर तुमचं एकही स्टेशन येणार नाही. विकणारा हे सांगत नाही, बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं कारण तो दुकानात ऑक्सला मोबाइल लावून गाणं वाजवून दाखवतो आणि गाणं छानच वाजतं. ट्यूनर, म्हणजे आतला रेडिओचा भाग, पुढे सरकवून देतो म्हणणारे मेकॅनिक आहेत, होतंही थोडंफार, पण मग डायलवरचा आकडा आणि स्टेशन यांचा मेळ राहत नाही आणि रिसेप्शन मार खातं. तुम्हाला रेडिओ रोज हवाय, तुमच्यासाठी हा विषय इथेच संपला.

दुसरं म्हणजे व्होल्टेज, आणि यात लोक जास्त फसतात. बाजारात मिळणारा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० करतो. पण तो ठरावीक पटीत करतो, आपल्या लाइनला रात्री २४५ आले की बाहेर ११७ येतात. १२० च्या अमेरिकन सेटला हे चालतं, उलट एरवी थोडे कमीच मिळतात त्यामुळे पन्नाशीला आलेल्या कपॅसिटरांना आराम. तेच ११७ शंभरच्या जपानी सेटला दिले तर १७ टक्के जास्त, सेट तापत राहणार आणि एक दिवस जाणार. जपानी सेट घ्यायचाच असेल तर १०० व्होल्ट देणारा टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा लागतो. आणि थेट २३० मध्ये चुकून सुद्धा खोचू नका, पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला तर तो मिळत नाही, बाकी सगळं मिळतं.

सातारकर_७८:
काकांशी सहमत पण मी म्हणतो परदेशी मालच कशाला? सोनोडाइन बघा की. कोलकात्याची कंपनी, १९७० पासूनची, २३० वर थेट चालतो, स्टेप डाउनची भानगड नाही, आणि जुन्या देशी अ‍ॅम्पमध्ये २एन३०५५ सारखे ट्रान्झिस्टर असतात जे आजही कुठल्याही गल्लीत मिळतात. आमच्या मामांचा आहे, अजून गणपतीत वाजतो. निम्म्या पैशात काम होईल.

सोल्डरकाका:
सोनोडाइन, कॉस्मिक ही मंडळी मलाही आवडतात, दुरुस्तीला तर फारच सोपी. पण दोन गोष्टी. एक, देशी अ‍ॅम्पमध्ये सहसा रेडिओ नसतो, आणि ताईंना एकच डबा हवाय. दोन, फोनोचं, म्हणजे टर्नटेबल लावायचं, इनपुट नीट बघावं लागतं. आपल्याकडे तेव्हा घराघरांत जे रेकॉर्ड प्लेअर होते त्यात बहुतेक सिरॅमिक किंवा क्रिस्टल पिकअप, त्याचा सिग्नल दणदणीत, त्यामुळे कित्येक देशी अ‍ॅम्पवर "पिकअप" लिहिलेलं इनपुट त्याच हिशोबाचं असतं. ताईंचं कार्ट्रिज मॅग्नेटिक, त्यातून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. तिथे लावलं तर आवाज लांबून आल्यासारखा आणि बेस गायब. मागे "मॅग्नेटिक" असं वेगळं इनपुट असेल तरच देशी घ्या. जपानी आणि अमेरिकन रिसीव्हरांत सत्तरच्या दशकात मॅग्नेटिक फोनो असायचाच, आणि तो भाग त्यांनी मन लावून बनवलेला असतो, जुना रिसीव्हर घेण्याचं अर्धं कारण तेच आहे.

बास_लव्हर:
पायोनियरच्या १५ वॅटमध्ये काय होणार? १० बाय १२ ला पण कमीत कमी ५० तरी पाहिजेत. त्यापेक्षा नवीन क्लास डी म्हणजे छोटा, कमी तापणारा अ‍ॅम्प घ्या, ४ हजारात ब्लूटूथसकट येतो, उरलेल्या पैशात चांगले स्पीकर.

एडिसनकर:
न्यू जर्सीतून लिहितोय, इथे गॅरेज सेलमध्ये हे सेट बरेच हाताळलेत म्हणून सांगतो. १५ वॅटला हसू नका. अमेरिकेत १९७४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की जाहिरातीत पॉवर सांगायची तर दोन्ही चॅनल एकदम चालवून, सतत, किती ओहमवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, किती डिस्टॉर्शनला, सगळं सांगायचं. त्याआधी इकडेही वाट्टेल ते आकडे छापायचे. एसएक्स-४५० त्या नियमानंतरचा, त्याचे १५ म्हणजे ८ ओहमवर खरे १५, दोन्हीकडे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात डबल कॅसेटवर १००० वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असायचं त्याच्याशी या आकड्याचं काही नातं नाही. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे १५ चे ३० केले तर जरासा मोठा वाटेल इतकंच. या खोलीत नाट्यसंगीत ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटसुद्धा लागत नाहीत.

मोठा हवा असेल तर त्याच मालिकेत एसएक्स-५५० ला २०, ६५० ला ३५, ७५० ला ५० वॅट. पण वर गेलं की किंमत वॅटच्या नाही, हौसेच्या हिशोबाने वाढते. आणि ८० च्या आसपासचे सेट घेताना आत बघा, आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर आहेत की एसटीकेचा एकच ठोकळा, म्हणजे सगळं एकाच बंद आयसीत. एसएक्स-७८० मध्ये असे ठोकळे आहेत, वाजतो सुंदर, पण उडाला तर अस्सल मिळणं कठीण आणि बाजारात नकली भरपूर. कमी बजेटवाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

मरँट्झबद्दल, नाव संस्थापक सोल मरँट्झ यांचं असलं तरी त्यांनी १९६४ मध्येच कंपनी सुपरस्कोप या अमेरिकन कंपनीला विकली होती, हे रिसीव्हर नंतर जपानात बनायचे. चांगलेच आहेत, पण २२२०बी २० वॅटचा आहे, म्हणजे पायोनियरच्या दीडपटही नाही, आणि तुम्ही जास्तीचे पैसे त्या निळ्या काचेचे देताय.

रेकॉर्डवेडी:
@बास_लव्हर, सुचवल्याबद्दल आभार, पण क्लास डी घेतला तर फोनो प्रीअ‍ॅम्प वेगळा, रेडिओ वेगळा, परत तीन डबे आणि तीन अडॅप्टर. नकोय ते.

काका, मरँट्झचा डावा चॅनल साफ करून येईल का खरंच? १५ ला दिला तर घ्यावा का? मन तिकडेच ओढतंय.

सोल्डरकाका:
येऊ शकतो. जुन्या सेटमध्ये एक चॅनल जाणं बऱ्याचदा सिलेक्टर, टेप मॉनिटरचा स्विच किंवा स्पीकर रिलेच्या काळ्या पडलेल्या पॉइंटमुळेच असतं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की परत येतो. पण तोच प्रकार तडकलेल्या सोल्डरमुळे किंवा मरायला टेकलेल्या ट्रान्झिस्टरमुळेही होतो आणि दुकानात उभं राहून ते कळत नाही. खरं म्हणजे जर साफ करून येत असेल तर त्याने स्वतः साफ करून २२ सांगितले असते की. १५ च्या १५ तिथे घातले तर स्टेप डाउनला काही उरत नाही आणि दुरुस्तीला तर शून्य. बंद पडलेला मरँट्झ घरात ठेवून त्याच्याकडे बघत बसायचं, त्यापेक्षा वाजणारा पायोनियर घ्या. बजेट लहान असलं की नाव विकत घ्यायचं नसतं, सेटची तब्येत विकत घ्यायची.

हिशोब असा करा, पायोनियर ८ पर्यंत आणा, स्टेप डाउन चांगला जाड तांब्याचा ३०० व्हीएचा घ्या, तपकीर गल्लीत विचारा, बाकीचे ४-५ हजार सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका. हेअर ड्रायरसाठीचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मिळतात ते अजिबात नको, खरा ट्रान्सफॉर्मरच हवा, उचलल्यावर जड लागला पाहिजे. अमेरिकन सेट ६० हर्ट्झच्या हिशोबाचा असतो, आपल्या ५० वर त्याचा ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त कोमट राहील, वरची जाळी मोकळी ठेवा म्हणजे झालं, वर टर्नटेबल ठेवू नका.

बघायला जाल तेव्हा मल्टिमीटर न्या, स्वतःचे स्पीकर नेऊ नका, पहिल्यांदा त्याचेच लावायला सांगा. आणि सिरीज बल्ब आहे का विचारा, कुठल्याही जुन्या रेडिओवाल्याकडे असतो. ६० चा तारेचा बल्ब सिरीजमध्ये टाकून सेट चालू करायचा, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, गुपचूप घरी या. मग बल्ब काढून आवाज शून्यावर ठेवून, काही न लावता स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, शे-दोनशे असेल तर दुरुस्ती आली, एक-दोन व्होल्ट असेल तर स्पीकरला धोका. अर्ध्या तासाने परत मोजा, कारण गरम झाल्यावर काही सेट बदलतात. व्हॉल्यूम फिरवताना खरखर झाली तर घाबरायचं नाही, ती साफ होते. सतत बारीक घुंऽऽ ऐकू आलं, आणि ते व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आलं, तर मोठे फिल्टर कपॅसिटर गेलेत, तेवढे पैसे किंमतीतून कमी करा. डायलचे दिवे गेलेले असतील तर तेही किंमत पाडायला वापरा, बदलायला काहीच लागत नाही.

एकच स्पीकर जोडी लावणार ना? ६ ओहमचे चालतील, पण मागच्या ए आणि बी या दोन्ही स्पीकर जागांवर जोड्या लावून एकदम चालवू नका, ओहम निम्मे होतात.

सातारकर_७८:
आणि सगळे कपॅसिटर बदलून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकपासून सांभाळून. माझ्या ओळखीच्यांचा चालू सेट एकाने असाच "पूर्ण नवा" करून दिला, परत आला तो रेडिओ बंद करून.

सोल्डरकाका:
अगदी बरोबर. जो गेला तोच बदलायचा, आणि ट्यूनरच्या कॉइलींना तर हातच लावू द्यायचा नाही.

रेकॉर्डवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. मरँट्झवाल्याला आत्ताच 'नको' असं कळवलं. पायोनियरच्या दुकानदाराशी बोलले, सिरीज बल्ब आहे म्हणाला आणि मल्टिमीटरने मोजू देणार आहे. रविवारी भावाला घेऊन जाते. टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असं एक बटण आहे, ते कुठे ठेवायचं? आणि रेडिओला अँटेना वेगळी घ्यावी लागेल का?

सोल्डरकाका:
बटण फोनोवर, म्हणजे त्याच्या आतला प्रीअ‍ॅम्प बंद होतो आणि पायोनियरचा वापरला जातो. लाइनवर ठेवून फोनोत लावलंत तर आवाज फाटेल. टर्नटेबलची बारीक अर्थची वायर असेल तर ती रिसीव्हरच्या मागच्या जीएनडी स्क्रूला, नाहीतर गुणगुण येते.

अँटेना घ्यायची गरज नाही. मागे ३०० ओहम लिहिलेले दोन स्क्रू असतील, जुन्या टीव्हीची चपटी वायर मिळाली तर आडवा भाग दीड मीटरचा ठेवून टीच्या आकारात करा आणि भिंतीवर टाचा. नाही मिळाली तर साध्या वायरचे पाऊण-पाऊण मीटरचे दोन तुकडे, एकेका स्क्रूला एक, दोन दिशांना पसरून. १०१ ला एवढं भरपूर. मोजलेले डीसीचे आकडे मात्र इथे टाका, पैसे देण्याआधी.